जुन्या बॉम्बर विमानाचं मीटर हाती लागलंय, ते नेमकं काय आहे हे कसं ओळखायचं? (नेहमी विचारले जाणारे प्रश्न)

भंगारवाल्याकडे एक काळं गोल मीटर मिळालं, तो म्हणतो दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बरचं आहे. खरं असू शकतं का?

असू शकतं, पण आधी थोडा संशय ठेवा. आपल्याकडे जुन्या बाजारात किंवा चोर बाजारात जी विमानाची मीटरं दिसतात त्यातली बरीचशी युद्धानंतरची असतात, कॅनबेरा, व्हॅम्पायर, मिग, एचएएलची ट्रेनर विमानं वगैरे. विकणाऱ्याला "वर्ल्ड वॉर" म्हटलं की दुप्पट भाव मिळतो हे पक्कं माहीत असतं, त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

तरी शक्यता शून्य नाही, आणि पुण्याच्या बाबतीत तर त्यामागे खरी गोष्ट आहे. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी लेंड-लीजमध्ये, म्हणजे युद्धापुरती उसनी, मिळालेली अमेरिकन बी-२४ लिबरेटर बॉम्बर कानपूरला सोडून दिली, करारच असा होता की परत द्या, पैसे द्या किंवा मोडीत काढा, म्हणून जाताना ती मुद्दाम नासवून ठेवली. मग बेंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या ढिगातून एकेक विमान उभं केलं. नोव्हेंबर १९४८ मध्ये हवाई दलाची ५ नंबरची स्क्वाड्रन याच लिबरेटरवर उभी राहिली, पुढे ६ नंबरची स्क्वाड्रन पुण्याहून, म्हणजे लोहगावहून, समुद्रावर टेहळणीसाठी तीच विमानं उडवायची, आणि ती थेट १९६८ पर्यंत चालली. जगभरात लिबरेटर जवळपास संपली तेव्हा आपल्याकडे ती उडत होती, त्यामुळे नंतर लंडनच्या हेंडनच्या म्युझियमने, कॅनडाने आणि अ‍ॅरिझोनातल्या पिमा म्युझियमने आपापली लिबरेटर भारतातूनच नेली. वीस वर्षं उडणाऱ्या विमानांची मीटरं दुरुस्तीला निघतात, बदलली जातात, बाद होतात. तेव्हा एखादं बाहेर पडलं असेल तर त्यात चमत्कार काही नाही.

दुसरा रस्ता म्हणजे डिस्पोजलचा माल. युद्धानंतर अमेरिकन आणि ब्रिटिश सरप्लस भरपूर विकलं गेलं, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बॉम्बरमधले रेडिओ सेट घेऊन कित्येक हॅम लोकांनी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांनी, आपली पहिली स्टेशनं लावली.

घरी आणलं. सगळ्यात आधी काय करू?

उघडू नका, घासू नका, ब्रासो लावू नका. बस. काच नीट आहे का बघा, मग पुढून, मागून, बाजूने, चांगल्या उजेडात फोटो काढा. मागच्या बाजूचे जास्त काढा. सगळ्यांना तबकडी आवडते पण ओळख पटते ती पाठीमागून, कारण तबकडी बदलता येते, पुन्हा रंगवता येते, पाठीवरचे शिक्के आणि प्लेट बदलायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही.

रंगाचे टवके, पेन्सिलीने लिहिलेले आकडे, चिकटवलेला फाटका कागद, सुतळीने बांधलेलं लेबल, हे सगळं आहे तसंच राहू द्या. बऱ्याचदा मीटरपेक्षा ते लेबलच जास्त बोलतं.

आणि काट्यांवर किंवा आकड्यांवर पिवळट, करडा किंवा भाजल्यासारखा तपकिरी रंग असेल तर खालचा रेडियमचा प्रश्न आधी वाचा, मग हात लावा.

कुठल्या देशाचं आहे हे कसं कळणार?

तबकडीवरचं माप बघा. कंपनीचं नाव फसवू शकतं कारण ब्रिटिश विमानात अमेरिकन मीटर असायची, स्पेरीचे कारखाने दोन्हीकडे होते, पण माप सहसा खोटं बोलत नाही.

सगळ्यात उपयोगी पडतं ते इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब दाखवणारं मीटर. ब्रिटिश लोक त्याला बूस्ट गेज म्हणायचे, त्यावर पौंडात आकडे असतात, मध्ये कुठेतरी शून्य, त्याच्या एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला उणे. शून्य म्हणजे समुद्रसपाटीचा साधा हवेचा दाब. अमेरिकन मीटर तेच काम पाऱ्याच्या इंचात दाखवतं, शून्य वगैरे नाही, सरळ १० पासून वर. जर्मन मीटरवर "एटीए" (हवेच्या दाबाचं एकक) लिहिलेलं असतं आणि आकडे एकच्या आसपास फिरतात. यातली गंमत अशी की मीटर आतून शाबूत असेल तर ते टेबलावर ठेवल्या ठेवल्या तुमच्या गावाचा हवेचा दाब दाखवतं. मुंबईत अमेरिकन मीटर ३० च्या जवळ दिसेल, पुण्यात साधारण २८. ब्रिटिश बूस्ट गेज मुंबईत शून्यावर आणि पुण्यात उणे एकच्या आसपास, जर्मन मुंबईत एकच्या किंचित वर आणि पुण्यात किंचित खाली. काटा भलतीकडेच अडकलेला असेल तर आतली पत्र्याची डबी फुटलीय असं समजा.

उंची दाखवणारं मीटर, म्हणजे अल्टिमीटर, त्यात एक छोटी खिडकी असते. खिडकीत १०१३ सारखे मिलिबारचे आकडे असले तर बहुतेक ब्रिटिश, २९.९२ सारखे इंच असले तर अमेरिकन. खिडकीत हे आकडे लावून ठेवलं की चालू अल्टिमीटर पुण्यात अठराशे-एकोणीसशे फुटांच्या आसपास दाखवायला पाहिजे, हवामानाप्रमाणे थोडं इकडेतिकडे. मीटर किंवा किलोमीटरमध्ये उंची असेल तर जर्मन, इटालियन, रशियन किंवा जपानी, मग अक्षरं बघायची.

वेगाचं मीटर: ब्रिटिश हवाई दलात युद्धाच्या काळात मैल प्रति तास, नॉट (ताशी समुद्री मैल) आले ते युद्ध संपता संपता. अमेरिकन आर्मीचंही मैलातच. नौदलाचं असेल तर बहुधा नॉट. जर्मन सरळ किलोमीटर. जपानमध्ये आर्मी किलोमीटर आणि नेव्ही नॉट, त्या दोघांचं एकमेकांशी पटायचं नाही ते मीटरवरसुद्धा दिसतं.

रशियन अक्षरं दिसली तर आपल्याकडे ९९ टक्के वेळा ते मिग किंवा रशियन मालवाहू विमानाचं, म्हणजे युद्धानंतरचं. वस्तू वाईट नाही, फक्त महायुद्धाची नाही.

तबकडीवर काहीच नीट वाचता येत नाही. मग काम काय होतं हे कसं ओळखायचं?

पाठीमागे काय जोडलं जायचं ते बघा. एकच नळी आणि बाहेर एक फिरवायचं बटण असेल तर अल्टिमीटर असण्याची शक्यता जास्त. दोन नळ्या, एकीवर पी आणि दुसरीवर एस अशी अक्षरं, तर वेगाचं मीटर, पी म्हणजे समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब आणि एस म्हणजे बाजूचा स्थिर दाब. जड डबा, हलवला की आत काहीतरी गडगडतंय असं वाटतं, हवा ओढून घ्यायचं तोंड आणि जाळी, हे जायरोचं (आत वेगाने फिरणारं चाक असलेलं), म्हणजे कृत्रिम क्षितिज किंवा दिशादर्शक. दिशादर्शकाला पुढे जायरो अडकवून ठेवायचं बटण असतं. बारीक लांब तांब्याची नळी आणि तिच्या टोकाला नळकांडं लोंबतंय तर तापमानाचं, ती नळी कापलेली असेल तर मीटर कायमचं गेलं.

फक्त पिना किंवा वायर असतील तर ते दूरवरच्या यंत्राचा नुसता आरसा आहे. बॉम्बरमध्ये हे फार, कारण इंजिनं पंखावर आणि पायलट पुढे, तेलाची नळी एवढ्या लांब कॉकपिटपर्यंत आणणं कोणालाच नको असतं. ब्रिटिशांची स्मिथ्स कंपनीची डेसिन पद्धत तीन वायरवर चालायची, अमेरिकन विमानात ऑटोसिन आणि सेल्सिन असायची, ही नावं प्लेटवर सरळ लिहिलेली सापडतात. लांबच्या इंजिनाचे फेरे दाखवायलाही तिकडे छोटा जनरेटर आणि इकडे त्याच्याबरोबर फिरणारी मोटर.

एक करू नका. नळीत तोंडाने फुंकून काटा हलतो का बघायचा मोह सगळ्यांना होतो. वेगाच्या मीटरची आतली डबी फुंकरीच्या जोरानेही ताणली जाते, आणि तुम्ही ज्याच्यावर तोंड लावताय त्याच्यावर ऐंशी वर्षांची धूळ आहे, त्या धुळीत काय असेल सांगता येत नाही.

ब्रिटिश मीटरच्या मागे "६ए" आणि तिरकी रेघ आणि मग आकडा आहे. हा सिरीयल नंबर का?

नाही, आणि हा घोटाळा जवळपास प्रत्येक जण करतो. तो एअर मिनिस्ट्रीचा स्टोअर नंबर आहे, म्हणजे गोदामातला कप्पा आणि त्या कप्प्यातला माल. एकाच जातीच्या हजारो मीटरांवर तोच नंबर असतो. त्या एका मीटरचा स्वतःचा सिरीयल नंबर वेगळा, बहुतेक छोट्या अक्षरात ठोकलेला.

कप्पे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ६ए म्हणजे विमानातली मीटरं, ६बी म्हणजे नेव्हिगेटरची उपकरणं आणि घड्याळं, पण यात सरमिसळ आहे, उदाहरणार्थ ताऱ्यांवरून दिशा काढायचा अ‍ॅस्ट्रो कंपास मार्क २ हा ६ए/११७४ आहे. ६डी म्हणजे ऑक्सिजनचं सामान. ५सी म्हणजे स्विच, स्विचबॉक्स वगैरे विजेचं. १० ने सुरू होणारे नंबर रेडिओचे, ब्रिटिश लँकेस्टर बॉम्बरमधला प्रसिद्ध आर-११५५ रिसीव्हर १०डी/९८ आहे, आणि त्याच्या जोडीचा टी-११५४ ट्रान्समीटर तर नंबर न वाचताही ओळखता येतो, पुढे लाल, पिवळी आणि निळी मोठमोठी बटणं, लहान मुलांचं खेळणं वाटावं असा. १४ए म्हणजे कॅमेरे.

हे नंबर एअर पब्लिकेशन १०८६ नावाच्या जाडजूड यादीत होते, आणि मीटर कसं चालतं हे एपी १२७५ या इन्स्ट्रुमेंट मॅन्युअलमध्ये. दोन्हींची स्कॅन केलेली पानं नेटवर शोधली तर सापडतात. नंबर टाकून शोधताना ६ए चिकटवून, तिरकी रेघ देऊन, जागा सोडून असं सगळ्या पद्धतीने शोधा, प्रत्येकाने आपापल्या मनाप्रमाणे टाइप केलेलं असतं.

जवळच मुकुट आणि एएम अशी अक्षरं असतील तर एअर मिनिस्ट्री, एआयडी असेल तर तपासनीस खात्याचा शिक्का.

अमेरिकन प्लेटवर बरंच काही लिहिलंय. त्यातलं कामाचं काय?

अमेरिकन लोकांचं एक बरं आहे, ते सगळं लिहून ठेवतात. टाइप (म्हणजे सी-१२, बी-१६ असं काहीतरी), किंवा एएन ने सुरू होणारा नंबर, एएन म्हणजे आर्मी-नेव्ही दोघांचं मिळून ठरवलेलं स्टँडर्ड. दिशादर्शक जायरो एएन ५७३५, कृत्रिम क्षितिज एएन ५७३६, हे दोन नेहमी बघायला मिळतात.

सगळ्यात कामाची ओळ ऑर्डर नंबरची. डब्ल्यू ५३५ एसी ने सुरू होत असेल तर राइट फील्डवरून आर्मीच्या हवाई दलासाठी दिलेली ऑर्डर, युद्धाच्या आसपासची. एएफ ३३ ने सुरू होत असेल तर युद्धानंतरची, कारण यूएस एअर फोर्स हे वेगळं दलच सप्टेंबर १९४७ मध्ये झालं. तबकडीवर यूएसएएफ लिहिलेलं असेल तर तेच.

कंपन्या म्हणाल तर कोल्समन, पायोनियर (बेंडिक्सचा विभाग), स्पेरी, वेस्टन, जनरल इलेक्ट्रिक, लिक्विडोमीटर. पण युद्धात कोणीही काहीही बनवायचं, नॉर्डेन बॉम्बसाइटच्या (बॉम्बचा नेम धरायच्या यंत्राच्या) प्लेटवर व्हिक्टर अ‍ॅडिंग मशीन कंपनी असं नाव दिसलं तर दचकू नका, बेरजेची यंत्रं करणाऱ्यांनी खरंच ती बनवली होती.

काचेवर लाल रेघ, हिरवी कमान आणि कडेला काच आणि डब्याच्या सांध्यावर छोटी पांढरी रेघ असेल तर ती पुसू नका, प्लीज. लाल म्हणजे मर्यादा, हिरवी म्हणजे नेहमीची चाल, आणि ती पांढरी रेघ काच फिरली तर कळावं म्हणून. या रेघा त्या-त्या विमानाच्या मॅन्युअलप्रमाणे मारलेल्या असतात, त्यामुळे लाल रेघ कितीवर आहे ते बी-१७, बी-२४, बी-२५ च्या पायलट मॅन्युअलशी ताडून बघता येतं.

जर्मन आणि जपानी?

आपल्याकडे क्वचितच, पण परदेशातून मागवणारे असतात म्हणून थोडक्यात. जर्मन मीटरवर एफएल आणि पाच आकडे, रेडिओच्या सामानावर एलएन. इंधनाच्या मीटरवर पिवळी खूण, तेलाच्या तपकिरी, ऑक्सिजनच्या निळी. कारखान्याचं नाव बहुधा लपवलेलं असतं, त्याऐवजी तीन छोटी अक्षरं, बीएलसी म्हणजे येनाचं झाइस, बीईएच म्हणजे लाइट्झ.

जपानी मीटरवर नांगर असेल तर नेव्ही. तारीख शोवा वर्षात, म्हणजे त्यांच्या सम्राटाच्या कारकिर्दीच्या वर्षात, असते, त्यात १९२५ मिळवायचे, १८ लिहिलं असेल तर १९४३. डिसेंबर १९४२ मध्ये जपान्यांनी कलकत्त्यावर बॉम्ब टाकले होते, ईशान्येकडे त्यांची विमानं पडलीही, म्हणून त्या भागातून आलेला तुकडा असेल तर या खुणा बघाच.

विकणारा म्हणतो "हे लँकेस्टरचंच आहे". नुसत्या मीटरवरून विमान कळतं का?

जवळपास कधीच नाही. हे एकदा नीट समजून घेतलं की पुष्कळ पैसे वाचतात.

ब्रिटिश हवाई दलात सहा मीटरांचा एक ठरलेला पॅनेल होता, वर वेग, क्षितिज आणि चढ-उताराचा दर, खाली उंची, दिशा आणि वळण. हाच पॅनेल स्पिटफायरमध्ये, हाच वेलिंग्टनमध्ये, हाच लँकेस्टरमध्ये, मुद्दामच, म्हणजे पायलट एका विमानातून दुसऱ्यात गेला तरी नजर त्याच जागी जावी. लँकेस्टर सात हजारांच्या वर बनली, त्या सगळ्यांचं आणि बाकीच्या विमानांचं सामान एकाच गोदामातून यायचं. आज स्पिटफायरमधून काढलेलं मीटर दुरुस्त होऊन उद्या हॅलिफॅक्समध्ये बसायचं. तेव्हा मीटर तुम्हाला देश सांगेल, काम सांगेल, काळ सांगेल, विमानाचं नाव सांगणार नाही. "लँकेस्टरमध्ये वापरत असत त्या प्रकारचं" हे वाक्य खरं असू शकतं, "लँकेस्टरचं" याला कागद लागतो.

अपवाद आहेत आणि तेच शोधण्यात मजा आहे. टाकीचं इंधन दाखवणारं मीटर त्या टाकीच्या आकाराप्रमाणे आखलेलं असतं, टाकी कुठली आणि किती गॅलनची हे तबकडीवरच असतं, ते विमानाच्या मॅन्युअलशी जुळवता येतं. लँकेस्टरचं एपी २०६२ त्यासाठी चांगलं. फ्लॅपची आणि चाकांची स्थिती दाखवणारी मीटरंसुद्धा कधीकधी एखाद-दोन विमानांपुरतीच.

आणि मीटरला पॅनेलचा पत्रा किंवा ब्रॅकेट चिकटून आलं असेल तर लॉटरी लागली समजा. त्या पत्र्यावर विमान कंपनीचा पार्ट नंबर ठोकलेला असतो आणि त्याची सुरुवात बऱ्याचदा त्या विमानाच्या टाइप नंबरने होते. अ‍ॅव्रोचं मँचेस्टर ६७९ आणि लँकेस्टर ६८३ (लँकेस्टर मँचेस्टरमधूनच निघालं म्हणून त्यात दोन्ही नंबर सापडतात), डी हॅविलंड मॉस्किटो ९८, हॅलिफॅक्स ५७, शॉर्ट स्टर्लिंग एस२९, स्पिटफायर ३००. अमेरिकन बी-२५ मध्ये ६२, ८२, ९८, १०८ असे आकडे, लिबरेटरमध्ये ३२. जर्मनांचं ८ आणि मग विमानाचा नंबर, म्हणजे ८-८८ असेल तर युंकर्स ८८. लोक मीटर सोडवून घेतात आणि तो वाकडा पत्रा फेकून देतात, ते बघून जीव हळहळतो.

निदान बॉम्बरचं की फायटरचं एवढं तरी कळेल?

हो, त्याचे अंदाज बांधता येतात. एकाच तबकडीत दोन काटे, एकावर एल आणि दुसऱ्यावर आर, किंवा १ आणि २ असं असेल तर एकाहून जास्त इंजिनांचं विमान. बी-१७ आणि बी-२४ मध्ये अशी जोडीची मीटरं होती, १-२ साठी एक आणि ३-४ साठी एक. पण उलटा निष्कर्ष काढू नका, लँकेस्टरमध्ये प्रत्येक इंजिनाला वेगळं मीटर होतं. शिवाय डाकोटालाही दोनच इंजिनं, ते मालवाहू.

व्होल्टेज बघा. ब्रिटिश मीटरवर १२ व्होल्ट असेल तर फायटर किंवा लहान विमानाची शक्यता जास्त, स्पिटफायर १२ वर चालायचं, लँकेस्टर २४ वर.

होकायंत्र: मोठ्या वाटीसारखं, पायलटच्या गुडघ्याजवळ बसणारं, पी-८ असेल तर स्पिटफायर-हरिकेनसारखी फायटर, पी-१० किंवा पी-४ असेल तर मोठी विमानं.

ऑक्सिजनचं सामान बॉम्बरमध्ये प्रत्येक माणसाच्या जागेवर असायचं, पायलट, नेव्हिगेटर, वायरलेसवाला, गनर सगळ्यांना वेगळं, म्हणून ते जास्त सापडतं. अमेरिकन विमानात श्वास घेतला की डोळ्यासारखं उघडझाप करणारं छोटं मीटर असतं, ते हातात घेतलं तर क्षणभर कळत नाही काय आहे. बॉम्ब निवडायचे स्विच, बॉम्बसाइटचे भाग, नेव्हिगेटरच्या टेबलावरचं जादाचं उंची-वेगाचं मीटर, ही तर उघडच बॉम्बरची निशाणी.

तारीख कुठेच नाही. काळ कसा ठरवायचा?

मुकुटाचा आकार बघा, वरच्या कमानी गोल फुगीर असतील तर राजाचा, मध्ये खाली दबलेल्या असतील तर राणीचा, म्हणजे १९५२-५३ नंतरचा. केल्विन हे नाव आणि ह्यूज हे नाव एकत्र दिसलं तर १९४७ नंतरचं, कारण त्या दोन कंपन्या तेव्हा एक झाल्या. ६६१० ने सुरू होणारा लांबलचक नंबर असेल तर ती युद्धानंतरची अमेरिकन आणि मग नाटोची पद्धत, ६६१० म्हणजे उड्डाणाची मीटरं, ६६२० म्हणजे इंजिनाची. पण जुन्याच मालावर नंतर नवीन लेबल लावलेलंही दिसतं, म्हणून एका खुणेवर विसंबू नका. दुरुस्तीची तारीख आणि बनवल्याची तारीख वेगळी असते हेही आहेच, १९५५ चा दुरुस्तीचा शिक्का असलेलं मीटर १९४३ चं असू शकतं.

अंधारात चमकत नाही, म्हणजे रेडियम संपलं ना?

नाही! रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं आहे, ऐंशी वर्षांत ते जेमतेम काही टक्के कमी झालंय. चमकायचं बंद झालं कारण त्याच्याबरोबर मिसळलेलं झिंक सल्फाइड त्या माऱ्याने खलास झालं. म्हणजे दिवा गेला, विस्तव तसाच आहे.

बंद काचेतलं एखादं मीटर कपाटात असेल तर घाबरून जायचं कारण नाही. धोका आहे तो सुटलेल्या रंगाच्या भुकटीचा, ती नाकातोंडात गेली तर. म्हणून काच फुटलेलं मीटर हातमोजे घालून दुहेरी पिशवीत बंद करा, घासू नका, झाडूने किंवा व्हॅक्यूमने साफ करू नका, ओल्या कागदाने पुसा आणि कागदही वेगळा ठेवा. झोपायच्या खोलीत, मुलांच्या हाताशी, जेवणाच्या टेबलावर नको. अनेक मीटरं एकत्र असतील तर खोलीत हवा खेळती हवी, रेडियममधून रेडॉन वायू निघत राहतो. सगळ्याच तबकड्यांत रेडियम असतं असं नाही, काही अमेरिकन तबकड्या अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चमकणाऱ्या साध्या रंगाच्या होत्या, पण डोळ्याने फरक करता येत नाही, त्याला गायगर काउंटरच लागतो. आणि रशियन मीटरांनाही हेच लागू.

हे फक्त पुस्तकी नाही. स्कॉटलंडमध्ये डॅल्गेटी बे म्हणून जागा आहे, तिथल्या तळावर युद्धानंतर विमानं मोडली, तबकड्या जाळल्या आणि राख किनाऱ्यावर टाकली. १९९० मध्ये किनाऱ्यावर किरणोत्सर्गी कण सापडायला लागले आणि सफाई पूर्ण व्हायला २०२३ उजाडलं. तेव्हा जाळायचं नाही, भंगारात द्यायचं नाही, नदीत तर नाहीच. नकोच असेल तर मुंबईत अणुशक्तीनगरला एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ आहे, त्यांना विचारा.

रेडियम सोडून अजून काही धोका?

शत्रू-मित्र ओळखायचे जे आयएफएफ सेट होते त्यांच्यात सेट शत्रूच्या हाती लागू नये म्हणून स्फोटाची छोटी कांडी असायची, कॉकपिटमध्ये त्यासाठी दोन बटणं एकदम दाबायची व्यवस्था होती. नुसता स्विच मिळाला तर काही नाही, पण अख्खा बंद डबा मिळाला तर उघडू नका, पोलिसांना कळवा. ब्रिटिश विमानातल्या आग विझवायच्या बाटल्यांत मिथाइल ब्रोमाइड असायचं, ते विषारी आहे, भरलेली बाटली असेल तर हात लावू नका. होकायंत्रातलं द्रव गळत असेल तर ते ज्वालाग्राही असू शकतं.

नकली कसं ओळखायचं?

चकचकीत पितळेचं, वर ठळक अक्षरात कोरलेलं "रॉयल एअर फोर्स १९४२" आणि लाकडी पेटी, असं असेल तर ते शोपीस आहे, टेबलावर छान दिसेल. युद्धातली विमानाची मीटरं दिसायला कंटाळवाणी असतात, काळं बेकेलाइट किंवा काळा रंग दिलेला हलका धातू, त्यावर एवढेच आकडे. खऱ्या मीटरवर सजावट नसते, गिचमिड असते.

दुसरा प्रकार जास्त त्रासदायक, खऱ्या मीटरला नवीन तबकडी. काचेची रिंग उघडल्याच्या खुणा, स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या, आकड्यांची छपाई फार ताजी, आणि मागचा नंबर पुढच्या कामाशी न जुळणारा.

चालू करून बघू का?

जायरोला कॉम्प्रेसर लावू नका, ऐंशी वर्षांची बेअरिंग कोरडी झालेली असतात. विजेच्या मीटरांना आधी सर्किट शोधा, ऑटोसिनला ४०० हर्ट्झची एसी लागते, घरातली लाइन नाही. ज्यांना फक्त मांडून ठेवायचंय त्यांनी या फंदात पडूच नये असं मला वाटतं.

अरुणाचलमध्ये ट्रेकला गेलो होतो, तिथे विमानाचे अवशेष दिसले. छोटं मीटर आणलं तर चालेल?

नाही. युद्धात आसाममधून हिमालयावरून चीनला जाणाऱ्या "हम्प" नावाच्या हवाई वाटेवर पडलेली विमानं अजूनही तिथल्या जंगलात आहेत, आणि अनेकांत माणसंही आहेत. जानेवारी १९४४ मध्ये नाहीसं झालेलं "हॉट अ‍ॅज हेल" नावाचं बी-२४ दमरोह भागात २००६ मध्ये ओळखलं गेलं, त्यानंतर अमेरिकेची पथकं तिथे येऊन अवशेष शोधत राहिली. अशा ठिकाणी मीटर, नंबरची प्लेट, कपड्याचा तुकडा, प्रत्येक गोष्ट कोण कुठे बसलं होतं हे सांगणारा पुरावा असते, ती जागेवरून हलवली की पुरावा गेला. फोटो काढा, जीपीएस नोंदवा, जिल्हा प्रशासनाला कळवा. असं सामान बघायचंच असेल तर पासीघाटला हम्पचं म्युझियम झालंय.

ब्रिटनमध्ये तर १९८६ च्या कायद्याने लष्करी सेवेत असताना पडलेल्या विमानाला परवान्याशिवाय हात लावता येत नाही, त्यामुळे परदेशातून "क्रॅश साइट रिलिक" विकत घेताना परवान्याचा कागद मागा. गोदामातल्या सरप्लस मालाला हे लागू नाही.

किती पैसे द्यावे?

नंबर जुळला, काच शाबूत, प्लेट जागेवर, तर थोडे जास्त. गोष्टीचे पैसे देऊ नका. "आजोबा आरएएफमध्ये (ब्रिटिश हवाई दलात) होते" याला कागद नसेल तर ती गोष्ट फुकट ऐकायची.

प्लेट एवढी झिजलीय की नंबर दिसतच नाही. काही उपाय?

खोलीत अंधार करा आणि टॉर्च प्लेटच्या अगदी बाजूने, जवळजवळ सपाट धरा, वरून नको. ठोकलेल्या अक्षरांच्या सावल्या पडतात. टॉर्च चारही बाजूंनी फिरवत मोबाइलने फोटो काढा, मग फोटो काळा-पांढरा करून कॉन्ट्रास्ट वाढवा. प्लेट घट्ट असेल तर पातळ कागद ठेवून पेन्सिलीचं शिसं आडवं हलकंच फिरवा. सगळे आकडे मिळाले नाहीत तरी सुरुवातीचे दोन-तीन मिळाले की कप्पा कळतो, ३ आणि ८, किंवा ६ आणि ० यात शंका असेल तर दोन्ही टाकून शोधा.